कुसुमची भांडी

“माळ्यावरचं मी बांधतो,” हे म्हणाले. “तू वर चढू नकोस. चक्कर येते तुला.”

मला आयुष्यात एकदाच चक्कर आली होती, तीही शुभदा पोटात असताना. मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि ह्यांच्याकडे नीट पाहिलं. लग्न झाल्यापासून या माणसाला स्वतःचा बनियन स्वतः सापडला नव्हता. चहाचा कप हातात द्यायचा, आणि पिऊन झाला की जिथे बसले असतील तिथून तो उचलायचा, असा आमचा संसार. आणि आज हेच गृहस्थ डोक्याला पंचा बांधून, कारखान्यातून शिडी मागून आणून, माळा साफ करायला निघाले होते. तेही मी न सांगता.

“अहो, माळ्यावर काय आहे एवढं? जुन्या गाद्या आणि शुभदाचा पाळणा.”

“आहे माझं थोडंफार. हत्यारं वगैरे.”

हे साखर कारखान्यात मिलवर फिटर म्हणून लागले आणि तिथेच सुपरवायझर झाले. त्यांची हत्यारं कारखान्यात असत, घरी फक्त एक पाना, तोही गॅसच्या शेगडीखाली. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

कृष्णाकाठच्या एका नव्या कारखान्यात ह्यांना फोरमनची जागा मिळाली होती. गोदावरीच्या कालव्यावरची आमची वसाहत सोडायची होती, क्वार्टर रिकामं करून द्यायचं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक येणार होता. शुभदाला मी आधीच माझ्या माहेरी, संगमनेरला पाठवून दिलं होतं. सासूबाईंना, द्वारकाबाईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात आम्ही दोघंच, आणि मदतीला म्हणून ह्यांनी राहात्याहून बोलावून घेतलेल्या ह्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. ह्यांची आक्का. वन्संना बोलावल्याचंही मला त्या दारात आल्यावरच कळलं.

घर हलवायचं म्हणजे बाईमाणसाला आधी भांड्यांचा निवाडा करावा लागतो. आमच्या वसाहतीत भांड्यांना पाय होते. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं, कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं ते सगळं. तरी एकीचा डबा दुसरीच्या फडताळात. कारण भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत. शेजारणीने वाटीभर आमटी दिली तर वाटीत निदान साखर तरी घालून ती परत द्यायची. आणि नुसती साखर देणं बरं दिसत नाही, काहीतरी करू आणि मग देऊ, असं म्हणता म्हणता वाटी वर्षभर राहते. जायच्या दिवशी मग सगळा बाजार भरतो. सकाळपासून मी दहा घरची भांडी पोचवत होते, प्रत्येकात चिमूटभर काहीतरी घालून, आणि माझी गोळा करत होते.

त्यातच समोरच्या वाघचौरेवहिनी आल्या. हातात झाकलेलं छोटं पातेलं, आत शेंगदाण्याचे लाडू.

“हे तुमचं राहिलं होतं बाई माझ्याकडे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सासूबाईंनी खरवस दिला होता यातून. मग त्या आजारी पडल्या, मग गेल्याच. रिकामं कसं द्यायचं म्हणून राहून गेलं.”

मी पातेलं घेतलं. माझ्या ओळखीचं नव्हतं. स्टील जाड होतं, नव्यासारखं. लाडू ताटात काढून मी ते उलटं केलं, नाव पाहायला.

“सौ. कुसुम यशवंत खैरे.”

यशवंत खैरे माझे यजमान. कुसुम मी नव्हते. माझं नाव शकुंतला.

वाघचौरेवहिनींनी ते नाव माझ्या आधी शंभरदा वाचलेलं असणार. त्यांनी पदर सावरला आणि अगदी सहज आवाजात विचारलं, “ही कुसुम कोण हो? तुमची जाऊ का?”

ह्यांना भाऊ नाही, हे वहिनींना चांगलं ठाऊक होतं. कारखान्याच्या वसाहतीत सगळ्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं. पण जाताजाता मागे कुजबुज सोडून जायची नव्हती मला.

“माझंच की,” मी म्हटलं. “सासरचं नाव. लग्नात ठेवलेलं.”

“अगबाई! आम्ही कधी ऐकलं नाही.”

“वापरत नाही कुणी.”

वहिनी हसल्या. त्यांना ते पटलं नाही हे मला कळलं, आणि मला ते कळलं हे त्यांना. त्या गेल्यावर मी पातेलं पदराखाली घेऊन मोरीत गेले आणि नळाखाली धरून उगाचच घासत बसले.

कारण ते नाव मी आधी ऐकलं होतं. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात. त्या ग्लानीत असत, मी उशाशी असे, आणि त्या डोळे मिटून म्हणत, “कुसुमला हाक मार. कुसुमला हाक मार गं कुणीतरी.” मी ह्यांना विचारलं, कुसुम कोण? हे म्हणाले, “तापात बडबडते ती.” म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात ते नाव बसलं होतं. कारखान्याच्या दवाखान्यात कुसुम साळवे नावाची एक नर्स होती, हसऱ्या तोंडाची. माझा संशय एवढा पुढे गेला, की पावसाळाभर खोकत होते तरी मी दवाखान्याची पायरी चढले नाही. ह्यांना साधं इंजेक्शन घ्यायचं असलं तरी मी बरोबर जाऊन बाकावर बसायची. बिचारी मला खुर्ची आणून द्यायची, आणि खुर्ची दिली म्हणून माझा संशय आणखी वाढायचा.

पण नर्सचं आडनाव साळवे. इथे चक्क खैरे होतं. सौ. होतं. म्हणजे ही बाई ह्यांच्या नावाची होती. माझ्याआधीची? की माझ्यानंतरची? आणि सासूबाईंना ती माहीत होती, मरताना हवी होती. माझ्या हातून पाणी पीत होत्या आणि हाक तिला मारत होत्या.

एवढ्या वर्षांत सासूबाईंनी मला एकदाही नावाने हाक मारली नव्हती. “अगं ए”, “पोरी”, पुढे “शुभदाची आई”. शकुंतला कधीच नाही. बाकी त्यांनी मला कशाला कमी केलं नाही, बाळंतपणात तर हातावर झेललं; पण माझं नाव आलं की त्यांचं तोंड मिटायचं. मी एकदा ह्यांना म्हटलंही होतं. हे म्हणाले, “सवयच आहे तिची.” आता वाटलं, सवय नव्हे. त्यांच्या तोंडात दुसऱ्या कुणाचं नाव बसलेलं होतं.

मी बाहेर आले तर हे माळ्यावरून पोतं खाली उतरवत होते. गोणपाटाचं, तोंड सुतळीने शिवलेलं. वन्सं खालून हात देत होत्या. पोतं जमिनीला टेकलं तसं आतून वाजलं.

“हत्यारं,” हे लगेच म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

संसार करणाऱ्या बाईला लोखंड कोणतं आणि स्टील कोणतं हे सांगावं लागत नाही. हत्यारं आपटली की धड् होतं. हे खणखणलं होतं, आणि खणखणाट बराच वेळ टिकला होता. आत भांडी होती. चांगली जाड, आणि बरीच.

“ठेवा तिथे,” मी म्हटलं. “ट्रकमध्ये टाकू.”

“नको, ट्रकमध्ये नको,” हे म्हणाले. “हे आक्का घेऊन जाणार आहे. भाऊजींना हवी होती.”

वन्संचे यजमान शाळामास्तर. त्यांनी कधी खिळा ठोकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. वन्संनी माझ्याकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवून ट्रंकेचा कडीकोयंडा तपासायला लागल्या. मी गप्प राहिले. माझा स्वभाव तसा नाही. मी भांडून मोकळी होणारी बाई आहे. पण त्या दिवशी मला बोलायचं नव्हतं, ऐकायचं होतं.

दुपारी जेवण झाल्यावर मी आत सतरंजीवर आडवी झाले आणि डोळे मिटले. हे आणि वन्सं बाहेर ओट्यावर बसले. खिडकी उघडीच होती. पडदे उतरवून बांधून झाले होते.

“येष्टीच्या टपावर टाकते की,” वन्सं म्हणत होत्या. “त्याचं काय येवढं. पर यशवंता, सांगून टाक तिला. किती वर्सं झाकून ठेवायचं?”

“नको आक्का.”

“आता आई बी न्हाई.”

“म्हणूनच नको. आई असताना नाही सांगितलं, आता सांगून काय मिळवायचं? तिच्या मनाला लागेल. जन्मभर लागेल. तू ने आणि ठेव तुझ्याकडे.”

“आन तिनं त्ये नाव कुठं बघितलं तर?”

“कुठे बघणार? सगळी भांडी पोत्यात आहेत.”

सगळी पोत्यात नव्हती. एक माझ्या उशाखाली होतं, पातेलं. मी तसंच डोळे मिटून पडले. कान मात्र टवकारलेले. पुढे त्यांनी विषय बदलला, रस्त्यात कुठे घाट लागतो वगैरे. मला काही ऐकू आलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की माझ्या घरात दुसऱ्या बाईचा संसार पोतं भरून होता आणि माझ्याच डोक्यावर, माळ्यावर, एवढी वर्षं ठेवलेला होता. त्याच्याखाली मी पोळ्या लाटल्या होत्या.

मी उठले आणि सामानाला हात घातला. पण आता वेगळ्या तऱ्हेने. सकाळपासून बांधलेले खोके मी सोडायला लागले. पितळेची घागर, तिच्यावर माझ्या वडिलांचं नाव, ती एका बाजूला. खैऱ्यांच्या घरचा जुना डबा दुसऱ्या बाजूला. माझ्या मामाने दिलेलं ताट इकडे, सासूबाईंची कढई तिकडे. नावं वाचत गेले आणि निवडत गेले. नाव घालायची पद्धत कुणी काढली असेल त्या बाईला माझ्यासारखाच दिवस पाहावा लागला असणार. ज्या भांड्यांवर आम्हा दोघांची नावं होती त्यांच्यापाशी मी अडले. ती मधे ठेवली.

वन्सं आत आल्या आणि दारातच थबकल्या. “हे दोन ढीग कशाचे गं शकुंतला?”

“एक तुमच्या भावाचा. एक माझा.”

“म्हंजी?”

“ट्रक उद्या सकाळी त्यांचा ढीग घेऊन जाईल. मी सकाळच्या एसटीने संगमनेरला जाईन. माझी लेक तिथेच आहे.”

वन्संनी तोंडावर हात ठेवला आणि हाक मारली, “यशवंता! ए यशवंता!”

हे आत आले. डोक्याचा पंचा अजून तसाच. मी उशाखालचं पातेलं काढलं आणि त्यांच्यासमोर फरशीवर उपडं ठेवलं. नाव वर.

“कोण ही?” मी विचारलं.

हे बघत राहिले. चेहरा पडला. “हे कुठे मिळालं तुला?”

“वाघचौरेवहिनींनी आणून दिलं. लाडू घालून. सगळ्या वसाहतीने वाचलंय. फक्त माझं वाचायचं राहिलं होतं.”

“आईने दिलं असेल…” हे पुटपुटले. “कधीतरी चुकून वरून काढलं असेल.”

“कोण ही, ते सांगा. कुठे असते? मुलंबाळं आहेत?”

“अगं, काय बोलतेस?”

“सौ. लिहिलंय. तुमचं नाव लिहिलंय. मी काय अडाणी आहे?” माझा आवाज चढला होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. “आई मरताना तिला हाका मारत होत्या. तुम्हाला माहीत होतं. आक्कांना माहीत आहे. मी कोण आहे मग या घरात? भांडी घासायला आणलेली?”

कोंडीत सापडले की ह्यांच्या तोंडाला कुलूप लागतं. मी विळी घेतली, पोत्यापाशी गेले आणि सुतळी कापायला लागले. ह्यांनी हात पुढे केला. वन्सं म्हणाल्या, “कापू दे तिला.”

पोत्याचं तोंड उघडलं. वर जुनं लुगडं गुंडाळलेलं होतं, सासूबाईंचं. मी ते बाजूला केलं. ताटं. वाट्या. तांबे. पातेली, एकात एक बसवलेली. पुरणाचा मोठा डबा. मी एक एक बाहेर काढून फरशीवर मांडत गेले. पूर्ण संसार. कुठल्याच भांड्याला जाळ लागलेला नव्हता. काहींवर तर दुकानाची कागदी चिठ्ठी अजून चिकटलेली. कुसुम कुणीही असो, तिने या ताटात कधी जेवण वाढलं नव्हतं. प्रत्येकावर तेच नाव. लहान भांड्यांवर नुसतं नाव, मोठ्यांवर खाली तारीख.

पुरणाचा डबा मी खिडकीकडे उजेडात धरला. तारीख वाचली. पुन्हा वाचली.

ती आमच्या लग्नाची तारीख होती.

मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. ह्यांनी आता पंचा सोडला, हातात घेतला आणि त्याची घडी घालायला लागले.

“आईने आधीच घालून आणली होती नावं,” हे म्हणाले. “लग्न ठरलं तेव्हाच. सुनेचं नाव कुसुम ठेवायचं, असं तिने पक्कं केलं होतं. गावभर सांगितलंही होतं. मी हो म्हटलं होतं. मला काय, कुसुम तर कुसुम.”

“मग?”

“मग साखरपुड्याला आम्ही तुमच्या ओसरीवर बसलो होतो. तू आत मैत्रिणींत होतीस. कुणीतरी विचारलं, नाव काय ठेवणार म्हणून. तू आतून म्हणालीस, माझ्या आजीने ठेवलंय माझं नाव. ते बदललं तर मी हाकेला ओ देणार नाही.”

ते मला आठवत होतं. सगळ्या जणी हसल्या होत्या. बाहेर ऐकू गेलं असेल हे डोक्यातही आलं नव्हतं.

“म्हणून गृहप्रवेशाच्या दिवशी,” हे म्हणाले, “ताटातल्या तांदळांत अंगठीने नाव लिहायची वेळ आली तेव्हा मी शकुंतला लिहिलं.”

तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. ह्यांनी तांदळांत माझंच नाव काढलं होतं आणि मला केवढा आनंद झाला होता. बायका एकदम गप्प झाल्या होत्या. सासूबाईंच्या हातात वाटायला साखरेची वाटी होती. ती त्यांनी वन्संकडे दिली आणि त्या आत निघून गेल्या. मी समजले, सूनबाईचा रंग त्यांना पसंत नाही. वर्षानुवर्षं मी तेच समजत होते.

“आई काही बोलली नाही मला,” हे म्हणाले. “भांडी लुगड्यात बांधली आणि वर टाकली. मी म्हटलं, दुकानात नेऊन नाव घासून काढू, पॉलिश होतं. तर म्हणाली, राहू दे. आणि मला शपथ घातली, सुनेला दाखवायची नाहीत, तिला वाटेल मी तिच्यावर रागावले.”

“रागावल्याच होत्या,” मी म्हटलं. “माझं नाव नाही घेतलं कधी.”

“न्हाई गं,” वन्सं म्हणाल्या. इतका वेळ त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आता खाली बसल्या, पोत्यात हात घातला आणि तळातून फडक्याची एक घट्ट पुरचुंडी काढली. गाठ सुटेना. दाताने सोडवली.

आत पितळेचं एक फुलपात्र होतं. लहान, पोरीबाळींच्या हातात मावेल एवढं. काठाखाली जुन्या पद्धतीने, छिन्नीने ठोकून टिंबाटिंबांत नाव घातलेलं. कुसुम. एवढंच. ना सौ., ना नवऱ्याचं नाव, ना आडनाव.

“हे काय?” ह्यांनी विचारलं. हे त्यांनाही नवीन होतं.

“आईचं हाये,” वन्सं म्हणाल्या. “तिच्या माहेरचं. तिचं नाव कुसुम व्हतं. हितं लगीन करून आली आन आजीनं द्वारका ठिवलं. तेरा-चवदा वर्सांची पोर. तिला कुनी इचारलं न्हाई, तुला आवडतं का म्हनून. मामा तेवढा कुसुम म्हनायचा, राखीला आला की. त्यानंच मला सांगितलं. मामा गेला, आन मंग त्या नावानं हाक मारायला कुनी उरलंच न्हाई.”

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, पाळी सुटल्याचा.

“तिला तुझ्या नावाचा राग नव्हता शकुंतला. तिला फक्त त्ये नाव या घरात पुन्यांदा आनायचं व्हतं. आपल्याच तोंडानं हाक मारायची, आन कुनीतरी ओ द्यायची. तुला शकुंतला म्हनायला ग्येली की तिच्या तोंडात दुसरंच यायचं. म्हनून म्हनायचीच न्हाई.”

ह्यांनी फुलपात्र हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं. “मला कुणी सांगितलं नाही,” हे म्हणाले. “मला माहीत असतं तर…”

“तर काय केलं असतंत?” मी विचारलं. मी रागाने नाही विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फुलपात्राकडे. माझं नाव राखलं म्हणून मी ह्यांच्यावर जीव टाकला होता, तो काही परत घेता येत नव्हता. आणि ज्या बाईच्या उशाशी मी रात्रंदिवस बसले होते, तिने “कुसुमला हाक मार” म्हटल्यावर मी नुसती एक हाक मारली असती तरी तिने डोळे उघडले असते. हे मला तेव्हा कळायला मार्ग नव्हता. तरी मला फार वाईट वाटलं. मी पुरणाचा डबा मांडीवर घेऊन मोठमोठ्याने रडले, सासूबाई गेल्या त्या दिवशी रडले नव्हते तेवढी.

बऱ्याच वेळाने वन्संनी नाक पुसलं आणि विचारलं, “मंग ह्ये पोतं मी नेऊ का?”

“नाही,” मी म्हटलं. “ट्रकमध्ये जाईल.”

ते दोन ढीग आणि मधला अडलेला, सगळे आम्ही तिघांनी मिळून पुन्हा खोक्यांत भरले. कुणाचं कुठलं ते पाहिलं नाही. ह्यांनीही भांडी गुंडाळली, वर्तमानपत्रात, वाईटच गुंडाळली. मी नंतर सगळी सोडून परत बांधली.

कृष्णाकाठच्या नव्या क्वार्टरमध्ये पाऊल ठेवल्यावर पहिलं काम दूध उतू घालण्याचं. शेगडी मांडली, देवांच्या पेटीपुढे दिवा लावला आणि दुधासाठी मी वाघचौरेवहिनींकडून आलेलं ते पातेलं काढलं. ह्यांनी पाहिलं. दूध वर येईपर्यंत शेगडीजवळून हलले नाहीत. पूर्वेला उतू गेलं, चांगलं झालं म्हणाले.

ती सगळी भांडी मी वापरात काढली. चिठ्ठ्या भिजवून सोडवल्या, पहिल्यांदा जाळावर चढवली. पंधरवड्यात शेजाऱ्यांशी ओळखी झाल्या. पलीकडे साळुंखे म्हणून होते. त्यांच्या सुनेला डोहाळे लागलेत असं कळलं म्हणून मी एक दिवस एका लहान डब्यातून त्यांच्याकडे आंबोळ्या दिल्या.

डबा रविवारी सकाळी परत आला. मी शेगडीपाशी होते. हे मागच्या दारी आरशासमोर दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. पुढच्या फाटकाची कडी वाजली आणि बाईचा खणखणीत आवाज आला.

“कुसुमवहिनी! हायसा का घरात?”

ह्यांचा वस्तरा गालावर थांबला. आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. त्यांना ती जुनी ओसरी आठवली असणार, आतून आलेलं माझं बोलणं आठवलं असणार. घाईघाईने पंचा उचलत म्हणाले, “थांब, मी सांगतो त्यांना. भांड्यावरचं नाव वाचून म्हणतायत त्या. मी सांगतो तुझं नाव—”

“राहू द्या,” मी म्हटलं.

“कुसुमवहिनी!” पुन्हा हाक आली. “डबा आणलाय तुमचा!”

मी पदराला हात पुसले आणि दाराकडे वळले.

“ओ!” मी म्हटलं. “आले!”